पाच रविवार, सकाळी साडेसहा

मी सोलापुरातच इंजिनीअर झालो, बारा वर्षं पुण्यात नोकरी केली आणि लॉकडाऊनमध्ये दोन बॅगा, एक मॉनिटर आणि बायको घेऊन घरी परत आलो. हा क्रम बायकोला आवडणार नाही. पण त्या दिवशी भाड्याच्या गाडीत मॉनिटर माझ्या मांडीवर होता आणि ती मागे बॅगांच्या मध्ये कोंबलेली होती, त्यामुळे क्रम चुकलेला नाही. टेंभुर्णी येईपर्यंत ती माझ्याशी बोललीच नाही. तिथे गाडी थांबली, तिने थर्मासमधला चहा ओतला आणि विचारलं, "दोन महिन्यांसाठी एवढं सामान?"

दोन महिन्यांची दोन वर्षं झाली. पुण्यात मी राहत होतो असं म्हणणं जरा धाडसाचंच आहे. तिथे मी झोपत होतो आणि कंपनीच्या बसमध्ये बसत होतो. सोलापुरात आल्यावर कळलं की काम संपवून खुर्चीतून उठलं की माणूस थेट स्वतःच्या घरात असतो. संध्याकाळी शाळेतले मित्र कॅरम खेळायला जमायचे. सकाळी मी अक्कलकोट रोडने सायकल मारायचो. बायकोला मंद्रूपच्या एका शाळेत नोकरी लागली, ती स्कूटरवर जाऊ-येऊ लागली आणि मंद्रूपच्या बाजारातल्यासारखी ताजी भाजी सोलापुरात मिळत नाही असं तिचं मत झालं. आई जाऊन तेव्हा वर्षच झालं होतं. बाबा, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, वर्षभर एकटे राहिलेले. आम्ही आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं की माझं टेबल त्यांच्या पेपर वाचायच्या जागेवर येणार नाही ना. आलंच. त्यांनी खुर्ची खिडकीकडे सरकवली आणि विषय मिटवला.

मग कंपनीने पत्र पाठवून सगळ्यांना परत बोलावलं. आठवड्यातले तीन दिवस पुण्यात हजर राहायचं. बायकोची नोकरी इथे, बाबा इथे, मी तिथे एका खोलीत, असं चित्र डोळ्यासमोर यायला लागलं आणि माझी झोप उडाली. ज्यांना अडचण आहे त्यांनी फॉर्म भरून परवानगी मागावी, असंही त्या पत्रात होतं. मी फॉर्म भरला आणि वाट बघत बसलो.

आता माझ्या कामाबद्दल थोडं सांगावं लागेल. फार नाही, घाबरू नका. युरोपात ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारी एक कंपनी आहे. कुठल्या गोदामातून कुठला भाग कुठल्या ट्रकमध्ये चढवायचा हे ठरवणारा त्यांचा एक जुना प्रोग्रॅम आहे. तो लिहिणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेला होता. पुढे ज्याच्या-ज्याच्या गळ्यात तो पडला त्यानेही नोकरी सोडली. शेवटी तो माझ्या गळ्यात पडला, आणि नोकरी सोडायचं धाडस माझ्यात नव्हतं.

तिकडच्या देशांत वर्षातून दोनदा घड्याळं हलवतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. ऑक्टोबरात त्यांच्याकडे एकच तास दोनदा येतो. माणसं झोपलेली असतात, त्यांना काही फरक पडत नाही. प्रोग्रॅम मात्र जागा असतो. पूर्वी रविवारी गोदामं बंद असत, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी फॉर्म भरला त्या वर्षी रविवारीही काम सुरू झालं होतं. प्रोग्रॅमने त्या तासात ट्रक भरायला सांगितलं, घड्याळ मागे गेलं, तोच तास परत आला, आणि त्याने तेच सगळं सामान पुन्हा पाठवायला सांगितलं. कुठल्यातरी गावात चाळीस टायर हवे होते, तिथे ऐंशी पोचले. सोमवारी नुसता हलकल्लोळ झाला.

तो हलकल्लोळ मी निस्तरला. तीन दिवस खुर्चीतून उठलो नाही. सगळं मार्गी लागल्यावर आमच्या मॅनेजरने मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हटलं, "हा नसता तर काय झालं असतं कोण जाणे." मी मान खाली घालून हसलो. आणि त्याच आठवड्यात माझी सोलापुरात राहायची परवानगी मंजूर झाल्याचं पत्र आलं. दर वर्षी नव्याने तपासली जाईल, अशी खाली टीप होती.

दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या की एकीमुळे दुसरी घडली असं मानायला वेळ लागत नाही. मी तर ते मानूनच टाकलं. मी या प्रोग्रॅमला हवा आहे, म्हणून कंपनीला हवा आहे, म्हणून मी सोलापुरात आहे. एवढं सरळ गणित होतं.

जानेवारीत एका दुपारी मला त्या दोषाचं मूळ सापडलं. पंधराएक ओळी बदलायच्या होत्या. मी त्या लिहिल्या, तपासून बघितल्या, बरोबर चालल्या. आणि मी ते सगळं माझ्या लॅपटॉपमध्ये एका कोपऱ्यात ठेवून दिलं. कुणाला सांगितलं नाही. दोष कायमचा गेला तर मग मी कशाला हवा, असा विचार मनात आला आणि तो गेलाच नाही. त्याऐवजी मी काय करायचो, तर त्या दोन रविवारी पहाटे उठायचो, सहा पंचवीसला स्वतःच्या हाताने प्रोग्रॅम थांबवायचो, घड्याळाचा गोंधळ उरकला की पुन्हा सुरू करायचो आणि मॅनेजरला निरोप पाठवायचो की सगळं व्यवस्थित पार पडलं. पलीकडून आभाराचं, जोडलेल्या हातांचं चिन्ह यायचं. ही लबाडी होती, आणि मला ते तेव्हाही माहीत होतं.

असे पाच रविवार मी काढले. ऐकायला काही वाटत नाही. वर्षातून दोन सकाळी, त्यात काय एवढं! पण मार्च लागला की मला जेवण जायचं नाही. ताप आला तर? इंटरनेट गेलं तर? मी घरात इंटरनेटची दोन कनेक्शनं घेतली, इन्व्हर्टर बसवला. बायकोच्या मावसबहिणीचं लग्न नेमकं अशाच एका रविवारी सांगोल्याकडच्या एका वाडीत होतं, तिथे फोनला रेंज नाही म्हणून मी गेलो नाही. कामाचं कारण सांगितलं. बायको एकटी गेली आणि येताना माझ्यासाठी पुरणपोळ्या घेऊन आली, त्या खाताना मला फार अपराधी वाटलं. तरी मी चार खाल्ल्या.

चौथ्या खेपेला, ऑक्टोबरात, आमच्या भागातली वीज आदल्या रात्रीपासून गेलेली. इन्व्हर्टरने पहाटे मान टाकली. माझ्या लॅपटॉपची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच मेली होती, तो वायरीशिवाय पाच मिनिटंसुद्धा चालत नव्हता. पावणेसहा वाजले होते. मी लॅपटॉप बॅगेत टाकला आणि स्कूटर काढून थेट अक्कलकोट रोड एमआयडीसी गाठली. तिथे माझा शाळेतला एक मित्र टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे यंत्रमाग बिघडला की तो नीट करणारा माणूस. घरचे सगळे विणकर, घरी तेलुगू बोलतात. मराठीत मला शिव्या मात्र तो पहिलीपासून देत आला आहे.

कामगार सायकली लावत होते. मी धापा टाकत आत गेलो. त्याने काही न विचारता एक प्लग मोकळा करून दिला. मी टॉवेलच्या गठ्ठ्यावर बसून फोनचं इंटरनेट जोडलं, चारी बाजूंनी मागांचा खडखडाट, आणि सहा पंचवीसला मी युरोपातले ट्रक थांबवले. तो कमरेवर हात ठेवून बघत उभा होता.

"काय करायलास बे?" त्याने कानाशी ओरडून विचारलं.

मी त्याला सगळं सांगितलं. का कुणास ठाऊक, बायकोलाही न सांगितलेलं त्याला सांगितलं. त्या खडखडाटात आपलं बोलणं आपल्यालाच नीट ऐकू येत नाही, त्याचा धीर आला असेल.

"म्हणजे तुला औषध ठाऊक हाय, आन् तू देईनास?"

"दिलं तर माझी गरज काय राहील?"

तो हसला. मग एका मागाकडे बोट दाखवून म्हणाला, "तितं ती दोघं दिसायलीत का? त्यांना मी सगळं शिकवलोय. हितला माग बंद पडला तर तेच करतेत."

"मग मालक तुला कशाला ठेवेल?"

"ते मालकाला इचार की. मला दुपारी जेवून झोपायचं असतंय. पूर्वी मला एकट्यालाच येत होतं, तवा लई मान होता. जेवताना उठवायचे, झोपेतनं उठवायचे, भैनीच्या लग्नातनं उठवून आणलं. मान नगं झाला मला. झोप पायजे."

मी हसलो आणि ते हसण्यावारी नेलं. साडेसातला प्रोग्रॅम सुरू केला, त्याने पाजलेला चहा प्यायलो आणि घरी आलो. माझं काम डोक्याचं, त्याचं हाताचं, असं मी रस्ताभर स्वतःला समजावलं. इतकं खोटं मी दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर त्याने ऐकून घेतलं नसतं. मार्चात पाचवा रविवार आला, तोही मी तसाच काढला.

यंदा ऑगस्टमध्ये मॅनेजरचा निरोप आला. टीममधली एक मुलगी तुझ्याकडे दोन दिवस सोलापूरला येईल, तिला तो प्रोग्रॅम पूर्ण शिकव. पूर्ण, असा शब्द होता. परवानगी नव्याने तपासायची वेळ दोन महिन्यांवर आली होती. आता माझ्या जागी तिला तयार करणार आणि मला पुण्याला बोलावणार, याबद्दल मला शंकाच उरली नाही. मी बायकोला म्हटलं, "बहुतेक आपलं बस्तान हलणार." ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुझं हलेल. माझी शाळा मंद्रूपला आहे."

ती मुलगी सकाळच्या गाडीने आली. सव्वीस-सत्तावीसची, टेंभुर्णीची, हातात घरून आणलेली सीताफळांची पिशवी. आल्याआल्या बाबांच्या पाया पडली आणि त्यांची तिथल्या तिथे विकेट गेली. मी मनातून तिच्यावर रागावायची सगळी तयारी केली होती, तिने त्याला वावच दिला नाही. चटचट समजून घ्यायची, वहीत लिहायची, आणि न समजलेलं "सर, हे डोक्यावरनं गेलं" असं स्वच्छ सांगायची. मी तिला सगळं शिकवलं. ते दोन रविवार सोडून सगळं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर ती एकटीच स्क्रीनसमोर बसली होती. प्रोग्रॅमला कुणी कधी हात लावला याची नोंद आपोआप होत असते. ती त्या नोंदी वाचत होती, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता.

"सर, दर मार्चला आणि ऑक्टोबरला, रविवारी, सहा पंचवीसला तुम्ही हा बंद करता. आणि एक तासानं चालू. घड्याळामुळं का?"

"हो."

"मग हे कायमचं नीट का नाही केलं? म्हणजे, काहीतरी कारण असंल की. तुम्ही ठेवलंय म्हणजे असणारच. तेवढं सांगा, मी लिहून घेते."

आणि तिने खरंच पेन उचललं. वहीचं नवं पान काढलं. माझ्यावर तिचा इतका विश्वास होता की मी वाईट हेतूने दोष तसाच ठेवला असेल, हे तिच्या मनातही आलं नाही. ती मला पकडत असती तर मी काहीतरी थाप मारली असती, इतक्या वर्षांच्या नोकरीत तेवढं येतंच. पण ती लिहून घ्यायला बसली होती. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"कारण काही नाही," मी म्हटलं. "मला भीती वाटत होती." आणि मी तिला सगळं सांगितलं. परवानगी, बायकोची नोकरी, कोपऱ्यात ठेवलेल्या त्या पंधरा ओळी. बाबा खिडकीत पेपर वाचत होते. पेपरचं पान बराच वेळ उलटलं नाही, म्हणजे तेही ऐकत होते.

तिने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "त्या ओळी आहेत का अजून?"

होत्या. आम्ही दोघांनी मिळून त्या बसवल्या. तिने त्यात माझी एक चूक काढली, मार्चमधला गाळलेला तास मी नीट धरला नव्हता. ती दुरुस्त केली. चहा गार व्हायच्या आत सगळं आटोपलं. तीन वर्षं मी ज्याच्या राखणीला बसलो होतो, ते काम एका चहाचं होतं.

संध्याकाळी तिला गाडीवर सोडून आलो आणि मॅनेजरला फोन लावला. एका दमात सगळं सांगून टाकलं.

"तीन वर्षं?"

"हो."

"आधी का नाही बोललास?"

"तुम्ही पुण्याला बोलवाल म्हणून."

मग टकटक असा आवाज आला, तो काहीतरी उघडून बघत होता. "तुझ्या परवानगीचा कागद समोर आहे. त्यात या प्रोग्रॅमचं नावसुद्धा नाही. तू फॉर्मवर लिहिलेलं कारण आहे, तेवढंच. वृद्ध वडील, सोबतीला कुणीतरी हवं. त्यावर मंजुरी मिळाली. वडील बरे आहेत ना?"

"बरे आहेत."

"मग झालं. मी रागावलोय तुझ्यावर, हे लक्षात ठेव. पण त्यासाठी तुला पुण्यात आणून मी काय करू? आणि त्या मुलीला मी का पाठवलं होतं असं तुला वाटलं? मार्च-ऑक्टोबरात तू सुट्टी घेत नाहीस, ते काम दुसऱ्या कुणालाही यावं म्हणून पाठवलं."

फोन ठेवला आणि मी पलंगावर आडवा झालो. हसू येत होतं आणि डोळेही भरून आले होते. छातीवरचं ओझं उतरलं असं लोक म्हणतात ते शब्दशः खरं आहे, मला श्वास खालपर्यंत जाताना कळत होता. फॉर्मवर मी काय लिहिलं होतं तेही मी साफ विसरलो होतो. खोटं-खरं काहीतरी एक कारण लिहायचं म्हणून लिहिलेलं. वडिलांना सोबत! माझे वडील सत्त्याहत्तराव्या वर्षी रोज सकाळी सव्वासहाला घराबाहेर पडायचे, तळ्यापर्यंत जाऊन यायचे, येताना भाजी आणायचे, मला टेबलावर चहा आणून द्यायचे. त्यांचीच मला सोबत होती.

जेवताना मी हे गंमत म्हणून सांगितलं. बाबा भडकले.

"मला सोबत लागते असं लिहिलंस? सरकारी कागदावर?"

"कंपनीच्या, बाबा."

"कुठल्याही असो. मी कुणाला कधी त्रास दिलाय?" आणि त्यांनी ताक न घेताच ताट सरकवलं. बायकोने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचे दोन दिवस त्या विषयावर तोंड उघडलं नाही.

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आला. सवयीने मला सव्वापाचलाच जाग आली. लॅपटॉप मी मुद्दाम कपाटात ठेवला होता. काय करावं सुचेना. इतक्या मोकळ्या सकाळची मला सवय नव्हती. बाबा चपला घालताना दिसले, तेव्हा म्हटलं, मीही येतो. ते जरा घुटमळले. "तुला काम नाही आज?" म्हणाले. नाही म्हटल्यावर चालायला लागले.

बाहेर अजून झुंजुमुंजू होतं. गल्लीच्या तोंडाशी एका बंद दुकानाची पायरी आहे. बाबा तिथपर्यंत चालत आले आणि सरळ त्या पायरीवर बसले. मला वाटलं दम लागला.

"काय झालं?"

"काही नाही. जरा थांबतो."

समोर मोठा रस्ता होता. ट्रक, रिक्षा, दिवे लावून येणाऱ्या मोटारसायकली. बाबा त्या दिव्यांकडे डोळे बारीक करून बघत होते आणि एकेक दिवा गेला की त्यांची मान उशिरा वळत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"बाबा, तुम्हाला दिसत नाही का?"

"दिसतं की. उजाडलं की दिसतं." ते रस्त्याकडेच बघत होते. "अंधुक असलं की जरा घोळ होतो. म्हणून इथे बसतो, ऊन आलं की जातो."

"किती दिवस?"

"झालं की वर्ष-दीड वर्ष."

"मग उशिरा का नाही निघत?"

"चाळीस वर्षं सव्वासहाला निघतोय. उशिरा निघालो असतो तर तू विचारलं असतंस." मग म्हणाले, "तुझ्यामागे कामाचं एवढं असतं. मार्च आला की तू जेवत नाहीस. त्यात आणखी माझं कुठे."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो. दीड वर्ष हा माणूस रोज सकाळी घरापासून पन्नास पावलांवर एकटा बसून उजाडायची वाट बघत होता, आणि मी आत टेबलाशी बसून, माझ्यावाचून कुणाचं अडेल याची काळजी करत होतो.

साडेसहा होऊन गेले होते. फोन वाजला नाही.

बाबा उठले. धोतराची मागची धूळ झटकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या फॉर्मवर काय लिहिलं होतंस?"

"वृद्ध वडील. सोबत हवी."

"माणसाने खोटं लिहू नये," ते म्हणाले आणि हात पुढे केला. "धर."

मी हात धरला आणि आम्ही रस्ता ओलांडला.